दुसऱ्या खेपेला दिसलेलं काम

हा अभिप्राय मी तीन वर्षं उशिरा लिहिते आहे, आणि हा उशीर मला आता योग्यच वाटतो. तरुणांसाठीच्या ज्या निवासी संवर्धन-सेवा कार्यक्रमाबद्दल सांगणार आहे, तिथे मी दोनदा राहिले. पहिल्यांदा एकोणिसाव्या वर्षी, साधी स्वयंसेवक म्हणून. दुसऱ्यांदा याच वर्षी, तुकडीची सहायक म्हणून. पहिल्या खेपेहून परतले त्या आठवड्यात कुणी विचारलं असतं, तर डोळे मिटून पाचपैकी पाच तारे दिले असते. अंग ठणकत होतं पण मन हलकं होतं, नव्या मैत्रिणी मिळाल्या होत्या, तळहाताचे फोड दाखवत फिरत होते. आम्ही केलेलं काम टिकणार की नाही, हा प्रश्न मात्र तेव्हा डोक्यात नव्हता. मधे तीन पावसाळे गेले, तेच काम पुन्हा डोळ्यांनी पाहिलं, आणि मग वाटलं की आता लिहायला हरकत नाही.

संस्थेचं नाव देत नाही. काही तक्रारी आहेत, त्या मी त्यांना लेखी कळवल्या आहेत. इथे लिहायचं कारण वेगळं आहे. अशा कार्यक्रमांत जाऊ पाहणारी मुलंमुली मला वरचेवर विचारतात की जाऊ का, तिथे नेमकं काय करायला लावतात, खरंच काही शिकायला मिळतं का.

स्वरूप असं. सतरा ते पंचवीस वयाचे दहा-बारा जण, चार आठवड्यांचा मुक्काम. सकाळी साधारण पाच तास अंगमेहनत: ओघळीत अनगड दगडांचे बांध घालणं, उतारावरच्या पायवाटा दुरुस्त करणं, घाणेरीसारखी उपरी झुडपं काढणं, रोपवाटिकेतली कामं. ऊन चढलं की काम बंद. दुपारनंतर शिकणं, आणि आठवड्यातून एकदा शाळेच्या मुलांना शिकवणं.

पहिले दोन दिवस कामाला हातच लावू दिला नाही. फक्त अवजारं. पहार, कुदळ, टिकाव, फावडं, घमेलं, कोयता, खुरपं, एकेक हातात घेऊन. अवजार खांद्यावर टाकायचं नाही, उताराच्या बाजूच्या हातात खाली धरून चालायचं, म्हणजे पाय घसरला तर ते बाजूला फेकता येतं. कुदळ उचलण्याआधी मागे-पुढे बघून मोठ्याने सांगायचं. वर कुणी दगड हलवत असेल तर खालच्या उतारावर एकही माणूस नको. सगळ्यात जास्त वेळ पहारीवर घालवला. दगडाच्या जितकं जवळ टेकू ठेवाल तितका कमी जोर लागतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात मी सातवी-आठवीतच पाठ केलं होतं. पण टेकूचा दगड चार बोटं पुढे सरकवल्यावर माझ्याइतक्याच वजनाचा धोंडा हलला, तेव्हा ते पहिल्यांदा समजलं. जिथे पहिल्याच सकाळी हातात फावडं देऊन "चला, सुरू करा" म्हणतात तिथे जाऊ नका, असं मी आता बेधडक सांगते.

एक अवजार आमच्यातल्या कुणीच आधी पाहिलं नव्हतं. एकाच पात्याची एक बाजू कुऱ्हाड आणि दुसरी कुदळ. त्याला पुलास्की म्हणतात. १९१० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या आयडाहोच्या जंगलांत प्रचंड वणवा पेटला, तेव्हा एड पुलास्की नावाच्या वनखात्याच्या रेंजरने आपल्या माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेलं आणि त्यांतले बहुतेक जण वाचले. पुढे हे दुहेरी अवजार त्याच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा, काढताना मूळ तोडायचं आणि लगेच माती खरवडायची, त्यासाठी दोन अवजारं कशाला वागवायची, हा साधा विचार त्यामागे आहे. ताईंनी ही गोष्ट सांगितली ती अवजार हातात ठेवूनच. (आमच्या प्रशिक्षकांना सगळे ताईच म्हणायचे. त्यांचं वय माझ्या आईएवढं असेल.)

अवजारांबद्दलची तक्रार इथेच सांगून टाकते. सगळे दांडे एकाच लांबीचे होते आणि हातमोजे एकाच मापाचे, मोठे. सैल मोज्यात हात घसरतो, फोड येतात, आणि मुठीची पकड सुटते तो धोका वेगळाच. पहिल्या खेपेला मी हे बोलले नाही. वाटलं, मीच नाजूक आहे. दुसऱ्या खेपेला आठ मुलींपैकी सहा जणींच्या हातात तेच सैल मोजे पाहिले, आणि माझ्या नाजूकपणाचा याच्याशी काही संबंध नव्हता हे कळलं. तीन वर्षांत लहान मापाचे मोजे आले नाहीत, हे मला चुकीचं वाटतं. कामाच्या जागेपासून स्वच्छतागृह लांब आहे, हीही अडचण मुलींनाच सोसावी लागते. पाळीच्या दिवसांत तर फार. निदान आता आडोशाची तात्पुरती सोय केली आहे आणि पाण्याचा कॅन तिथे रोज भरून ठेवतात. पूर्वी तेही नव्हतं.

आता बांधाबद्दल. माझं सगळं म्हणणं एका बांधाभोवती फिरतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उतारावरून धावणारं पाणी ओघळ पाडतं, ओघळ खोल होत जाते, माती वाहून जाते. ओघळीत ठरावीक अंतरावर दगड रचले की पाण्याचा वेग मोडतो, गाळ मागे बसतो आणि पाण्याला जिरायला वेळ मिळतो. सिमेंट नाही, दगड घडवायचे नाहीत, म्हणून अनगड. काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं, कारण खाली आधी बांधलं आणि वर मोकळं सोडलं तर वरचं सगळं पाणी एकदम येऊन खालचं उखडतं. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा माथा साधारण एका पातळीत यावा, हे दोन बांधांमधल्या अंतराचं गणित. तळाशी थोडं खोदून पाया घ्यायचा, दोन्ही टोकं काठाच्या मातीत शिरवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बांधाचा मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवायचा. तो सांडवा. जास्तीचं पाणी मधूनच पडायला हवं, आणि पडेल तिथे खाली मोठे दगड अंथरलेले हवेत.

तीन वर्षांपूर्वी आम्ही तिघींनी सात नंबरचा बांध घातला. मला सपाट दगड निवडायचा नाद लागला होता. एकावर एक असे बसवले की माथा अगदी सरळ रेषेत आला. समोरून पाहिलं तर भिंतच. त्याच्यासमोर उभं राहून आम्ही फोटो काढला, तो माझ्या फोनवर कितीतरी महिने होता. मधला भाग खोलगट करायचा हे आम्ही ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं, पण इतके छान बसलेले दगड काढायचा जीव झाला नाही. ताई त्या दिवशी दुसऱ्या तुकडीबरोबर होत्या. ऊन चढलं, काम थांबवायची वेळ झाली, आणि बांध तसाच राहिला.

यंदा गेले तेव्हा तो बांध जसाच्या तसा उभा होता. एक दगड हललेला नव्हता. आणि त्याच्या डाव्या कुशीला माझा हात खांद्यापर्यंत जाईल इतकी खोल नवी वाट पाण्याने कोरली होती. मधून जायला उतार मिळाला नाही म्हणून पाणी कडेने गेलं, काठ खाल्ला, काठावरचं एक झाड मुळं उघडी पडून कललं. आम्ही काही केलं नसतं तर तो काठ बहुधा तसाच राहिला असता. वरचा पाच नंबरचा बांध शोधायला मला वेळ लागला, कारण त्याच्यामागे गाळ भरून सपाटी झाली होती, गवत माजलं होतं आणि दगड जवळजवळ दिसतच नव्हते. ते दगड ओबडधोबड होते हे मला पक्कं आठवतं. आम्ही त्यांना नावं ठेवली होती.

या कार्यक्रमाला मी जे गुण देणार आहे, त्यांतले बहुतेक पुढच्या गोष्टीसाठी आहेत. तिथे प्रत्येक बांधाची नोंदवही आहे. क्रमांक, तारीख, कुणी बांधला, मागे गाळ मोजायची खुणेची काठी कुठे ठोकली आहे, दर मोठ्या पावसानंतर काय दिसलं. आणि नवी तुकडी आली की तिसऱ्या दिवशी तिला आधी फसलेले बांध दाखवायला नेतात, साधलेले मागाहून. यंदाच्या तुकडीचा पहिला धडा सात नंबर होता. मुलं काठावर उभी राहून कारणं शोधत होती. कुणी म्हणालं पाया कच्चा असेल, कुणी म्हणालं दगड लहान आहेत. तुकडीतला सर्वांत धाकटा मुलगा ओणवा होऊन माथ्याच्या रेषेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मधे खड्डाच नाहीये." ताई माझ्याकडे पाहत नव्हत्या. मीच सांगितलं की हा माझा आहे. मग तो सपाट दगडांचा मोह मुलांना सांगितला, फोटोचंही सांगितलं. कुणी हसलं नाही. पुढचे दोन दिवस आम्ही तो बांध वरून उतरवला, सांडवा काढला, टोकं काठात खोल शिरवली, कापलेल्या काठाला दगडांचा आधार दिला. कललेल्या झाडाची मुळं मातीने झाकली; ते जगेल की नाही हे आत्ता सांगता येत नाही.

माझ्या शाळा-कॉलेजात पर्यावरण शिक्षण म्हणजे एक वही आणि एक प्रकल्प होता. १९७७ साली जॉर्जियातल्या तिबिलिसीला युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने मिळून मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती. पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टं तिथे पाच ठरली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. हे मी या कार्यक्रमातच ऐकलं, आणि तेव्हाच लक्षात आलं की माझं आजवरचं शिक्षण पहिल्या दोनांपाशीच थांबलं होतं. इथे उलट्या टोकाने सुरुवात होते. आधी हात, मग प्रश्न, मग पुस्तक.

दुपारच्या सत्रांतलं एक उदाहरण. ओघळीच्या वरची माती, बांधामागचा गाळ आणि शेजारच्या गवताळ भागातली माती तीन काचेच्या बरण्यांत घेतली, पाणी घालून जोरात हलवली आणि ठेवून दिली. वाळू मिनिटभरात तळाला, पोयटा काही तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत. ओढ्याला गढूळपणा का राहतो, बांधामागे काय अडतं आणि काय निसटून जातं, हे त्या तीन बरण्यांनी सांगितलं. नंतर उघड्या मातीवर आणि पालापाचोळा अंथरलेल्या मातीवर झारीने सारखंच पाणी ओतलं. मोठे थेंब आकाशातून सेकंदाला आठ-नऊ मीटरच्या वेगाने आदळतात, त्यापुढे झारीचं पाणी म्हणजे काहीच नाही. तरी मागे लावलेल्या पांढऱ्या कागदावर मातीचे शिंतोडे कुठवर उडाले ते दिसलं. पालापाचोळ्याच्या बाजूचा कागद जवळपास कोरा होता. त्यानंतर कुणीही उतारावरचा पाला "साफ" करायला गेलं नाही.

इतिहासाचं सत्र मला पहिल्या खेपेला कंटाळवाणं वाटलं होतं. यंदा ते सर्वांत आवडलं. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३३ साली, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर सुरू केली. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख बेरोजगार तरुण त्यात राबले. महिन्याला ३० डॉलर, त्यांतले बहुतेक, साधारण २५, थेट घरी जायचे. त्यांनी सुमारे ३०० कोटी झाडं लावली, उद्यानांत वाटा आणि निवारे बांधले. त्यांतली कितीतरी बांधकामं आजही वापरात आहेत. पण मुलींना त्यात जागा नव्हती. अध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांच्या आग्रहाने स्त्रियांसाठी काही वेगळी शिबिरं निघाली, ती फार थोडी. पुढे १९५५ मध्ये वासर कॉलेजात शिकणाऱ्या एलिझाबेथ कुशमन या मुलीने आपल्या प्रबंधात विद्यार्थ्यांच्या संवर्धन दलाची कल्पना मांडली, आणि १९५७ मध्ये ऑलिंपिक आणि ग्रँड टीटन या राष्ट्रीय उद्यानांत पहिले विद्यार्थी कामाला लागले. तीच आजची स्टुडंट कॉन्झर्वेशन असोसिएशन. कॉलेजातल्या एका मुलीचा प्रबंध कागदावर न राहता डोंगरात पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच सत्रात ताईंनी कुडझूची गोष्ट घातली, ती मात्र ऐकणाऱ्याला अस्वस्थ करते. मातीची धूप थांबावी म्हणून अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९३० च्या दशकात कुडझू नावाचा पूर्व आशियाई वेल लावायला प्रोत्साहन दिलं. सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरच्या तरुणांनीही तो मेहनतीने लावला. वेल इतका फोफावला की झाडंच्या झाडं त्याखाली गुदमरली, आणि शेवटी त्याच देशाच्या कृषी खात्याला तो तणांत मोजावा लागला. मेहनत खरी होती, हेतू चांगला होता, वनस्पती चुकीची होती. मला सात नंबरचा बांध आठवला.

घाणेरीचंही तसंच आहे. शोभेचं झुडूप म्हणून अमेरिका खंडातून जगभर नेलेली ही वनस्पती आता कितीतरी देशांतल्या जंगलांना नकोशी झाली आहे. पहिल्या खेपेला आम्ही तिला कोयत्याने छाटलं, ढीग लावले आणि खूश झालो. छाटलेल्या बुंध्यातून ती दुप्पट फुटली. यंदा पद्धत बदललेली पाहिली. आता मुळाच्या गळ्याखाली, जमिनीत तीनेक इंच खाली कुदळीने तोडतात आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवतात, म्हणजे फांद्या मातीला टेकून पुन्हा मुळं धरत नाहीत. फळं धरण्याआधी काढायचं. काढण्याआधी आत घरटं आहे का ते पाहायचं. आणि पुढच्या वर्षी मोठ्या झाडांखाली पुन्हा शोधायचं, कारण फळं खाऊन पक्षी जिथे बसतात तिथेच बिया पडतात. मोकळ्या झालेल्या जागेत स्थानिक गवताचं बी टाकलं नाही तर पुन्हा तीच येते. एकाच जागी तीन वर्षं लागोपाठ जायची तयारी नसेल तर त्या कामाला हात न घातलेला बरा, हे ताईंचं मत. मला पटतं.

आता या कार्यक्रमात मला खटकलेली सर्वांत मोठी गोष्ट. मधल्या एका वर्षी बाहेरून एक मोठा गट एका दिवसासाठी आला. त्यांना झाडं लावायची होती, फोटो हवे होते आणि आकडा हवा होता. शेजारच्या माळावर त्यांना खड्डे काढू दिले. माळ मोकळा दिसतो म्हणून पडीक वाटतो. तिथे टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. झाडं आली की भक्षक पक्ष्यांना टेहळणीची जागा मिळते. गवताची बहुतेक संपत्ती मातीखाली मुळांत असते, कार्बनही तिथेच जास्त साठतो, आणि खड्डे काढताना नेमकं तेच आपण उकरतो. ताईंनी विरोध केला होता, पण वरून निर्णय झाला होता. यंदा आम्ही तो माळ पाहिला. बहुतेक रोपं वाळली होती, खड्डे तसेच उघडे होते, आणि खड्ड्यांच्या कडेने उपरं तण आलं होतं. वार्षिक अहवालात ती रोपं "लावलेली" म्हणून मोजली आहेत. जगलेली किती, हा रकानाच नाही.

त्या संध्याकाळी वांगारी माथाईंबद्दल बोलणं झालं. केनियात १९७७ पासून त्यांच्या ग्रीन बेल्ट चळवळीने गावोगावच्या बायकांकडून रोपवाटिका उभ्या केल्या, आणि मोबदला द्यायचा तो जगलेल्या रोपामागे. लावलेल्या नव्हे. २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, हे सगळ्यांना माहीत होतं; मोबदल्याची ही रीत आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हती. तुकडीतल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागच्या वर्षांची रोपं मोजायला घेतली. मीही तीन वर्षांपूर्वी लावलेली माझी २० शोधली. ९ सापडली. दोन तुकड्यांच्या मधल्या काळात पाणी घालायला आणि गुरांपासून राखायला कुणी नसतं, हे त्याचं सरळ कारण. पुढच्या अहवालात जगलेल्या रोपांचा रकाना असावा असं पत्र आम्ही सगळ्यांनी सही करून दिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

शाळेच्या दिवसाबद्दल. पहिल्या खेपेला आम्ही तक्ते रंगवले, घोषणा पाठ करून घेतल्या, मुलांनी त्या आनंदाने म्हटल्या आणि आम्ही परत आलो. यंदा मुलांना ओढ्यावर नेलं. एकाने प्रवाहात जाळी धरायची, दुसऱ्याने तिच्या वरच्या अंगाला पायाने दगड ढवळायचे, आणि जाळीत आलेलं पांढऱ्या ताटात ओतायचं. त्यात पाण्यात वाढणाऱ्या किड्यांच्या अळ्या सापडतात. दोन शेपट्यांची ती स्टोनफ्लायची अळी, बहुधा तीन शेपट्यांची आणि पोटाच्या कडेला कल्ल्यांची हालचाल दिसते ती मेफ्लायची. कॅडिसफ्लायची अळी वाळूचे कण चिकटवून स्वतःपुरतं घर बांधते. ते घर चालायला लागलं तेव्हा ताटाभोवती अशी गर्दी झाली की ताट सांडलं. या तिघींना प्राणवायू भरपूर लागतो, प्रदूषण सोसत नाही, म्हणून त्या सापडल्या तर ओढ्याची तब्येत बरी. एका मुलीने विचारलं, "म्हणजे हे पाणी प्यायचं ना?" मी हो म्हणणारच होते. ताईंनी थांबवलं. अळ्या ओढ्याची तब्येत सांगतात, पण माणसाला आजारी पाडणारे जंतू पाण्यात आहेत की नाहीत हे त्यांच्यावरून कळत नाही. अर्धवट माहितीवर मी एका मुलीला काय सांगणार होते, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. शिकवणाऱ्याच्या हाताशी जाणतं माणूस असतं का, हेही कार्यक्रम निवडताना पाहाच.

पक्षीगणनेत एक शिस्त आहे ती मला आवडते: ठरलेल्या जागी दहा मिनिटं उभं राहायचं, आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं. पहिल्या दिवशी मुलं शून्य लिहायला तयार नसतात, कुठूनतरी ऐकलेला कावळा घालतात. आठवड्याभराने लिहू लागतात.

कुणी जावं? ज्यांना रोज तेच काम करायचा कंटाळा येत नाही त्यांनी. पाठीचं दुखणं असेल तर आधी स्पष्ट सांगा. रोपवाटिका आणि नोंदींचं काम तितकंच महत्त्वाचं आहे आणि ते देतात. तुमच्या मापाचे हातमोजे स्वतःचे न्या. चौकशी करताना किती झाडं लावता हे विचारू नका; मागच्या तुकडीने केलेलं काम दाखवाल का, असं विचारा. आणि दाखवायला नेलं तर फसलेलंही दाखवतात का ते बघा.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा कापला तो माळासाठी आणि मोज्यांसाठी. आम्ही निघालो त्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला. सकाळी सगळे सामान बांधायचं सोडून सात नंबरवर गेलो. सांडव्यातून पाणी पडून गेल्याची ओल खालच्या दगडांवर होती, डावा काठ कोरडा होता, आणि खुणेच्या काठीपाशी दोन बोटं ताजा गाळ बसला होता. धाकट्याने तो मोजून वहीत लिहिला आणि बांधणाऱ्यांच्या रकान्यात माझ्या जुन्या नावाखाली स्वतःचं नाव घातलं.